सांभाळून ठेवलेले शिसे

आमच्या प्रयोगशाळेतल्या लाकडी कपाटात, वरच्या कप्प्यात, दोन तपकिरी बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असत. एकीत गोल्ड क्लोराइड होते आणि दुसरीत मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचा एक जहाल क्षार. कपाटाला कुलूप होते. पहिल्या बाटलीसाठी ते किमतीमुळे आणि दुसरीसाठी विषामुळे. १९८८ साली मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागात तंत्रज्ञ म्हणून लागले आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. पहिल्याच वर्षी आमच्या सरांनी विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मेंदूचे काही छेद या दोन बाटल्यांच्या मिश्रणात रंगवायला सांगितले. ही पद्धत स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९१३ साली बसवलेली. फॉर्मॅलीन आणि अमोनियम ब्रोमाइडमध्ये मुरवलेला मेंदूचा तुकडा गोठवून त्याचे पातळ छेद घ्यायचे, ते काचेच्या बशीत सोने आणि पाऱ्याच्या द्रावणात सोडायचे, बशी अंधारात ठेवायची आणि वाट बघायची. त्या द्रावणात लोखंडी चिमटा चालत नाही, कारण लोखंड दिसले की सोने त्याच्यावरच बसते; म्हणून काचेची कांडी ज्योतीवर धरून, तिचे टोक वाकवून, छेद उचलायचे आकडे आम्ही स्वतःच करत असू. चारपाच तासांनी छेदावर जांभळट छटा आली की तो हायपोत, म्हणजे छायाचित्र पक्के करायच्या द्रावणात, धुवायचा आणि काचपट्टीवर घ्यायचा. सूक्ष्मदर्शकात फिकट पार्श्वभूमीवर काळ्या चांदण्या विखुरलेल्या दिसल्या. प्रत्येकीला अनेक बारीक हात होते आणि त्यांतला एखादा लांब हात जवळच्या केशवाहिनीपर्यंत जाऊन तिच्या भिंतीवर पंजा टेकवून थांबलेला होता. ज्यांच्यासाठी मेंदू प्रसिद्ध आहे त्या चेतापेशी त्या छेदात जेमतेम ओळखू येत होत्या. सोन्याने त्यांना जवळजवळ वगळले होते.

या चांदण्यांना अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणतात, मराठीत कोणी तारापेशी म्हणतात, आणि त्या ज्या मोठ्या कुळातल्या आहेत त्या कुळाला आपल्या पाठ्यपुस्तकांत आधारपेशी असे नाव आहे. मूळ नाव याहूनही उपेक्षेचे होते. जर्मनीचे रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ साली चेतापेशींच्या मधल्या भागाला जे नाव दिले त्याचा सरळ अर्थ ‘चेतासंस्थेतला चिकटा’ असा होतो. विटांमध्ये चुना असतो तसे मेंदूत हे काहीतरी असते, इतकीच तेव्हाची कल्पना. पुढे काहाल यांचेच शिष्य पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या क्षाराने रंगवण्याची आपली पद्धत काढली आणि १९१९ ते १९२१ या काळात या चिकट्यातून आणखी दोन जाती वेगळ्या काढून दाखवल्या: मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूत गस्त घालणाऱ्या आणि कचरा गिळणाऱ्या पेशी, आणि ऑलिगोडेंड्रोसाइट, म्हणजे चेतापेशींच्या लांब तंतूंवर मायलिनचे वेष्टण गुंडाळणाऱ्या पेशी. चांदी, सोने, पारा या धातूंनीच या पेशी प्रथम माणसाच्या डोळ्यांना दिसल्या, ही गोष्ट मला तेव्हा केवळ गमतीची वाटली होती. विद्यार्थी असताना आम्हांला सांगितले जाई की आधारपेशी चेतापेशींच्या दसपट असतात. अलीकडच्या मोजणीत ती दंतकथा ठरली आणि माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळजवळ तितक्याच इतर पेशी असतात असे निघाले. दसपटीचा मान गेला, पण त्याने त्यांचे काम कमी झालेले नाही.

ते काम सांगायला मराठीत एक शब्द तयारच आहे आणि मला तो ‘आधार’ या शब्दापेक्षा जास्त नेमका वाटतो. तो शब्द म्हणजे सांभाळणे. आपण मूल सांभाळतो, म्हणजे त्याला खाऊपिऊ घालतो, पडू देत नाही. आणि कोणी दिलेली पुरचुंडीही सांभाळतो, म्हणजे ती परत मागेपर्यंत स्वतःजवळ ठेवून घेतो. तारापेशी दोन्ही अर्थांनी सांभाळतात. एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तेव्हा ती ग्लुटामेट नावाचे रसायन मधल्या फटीत सोडते. हे ग्लुटामेट कामापुरते चांगले आणि जास्त वेळ राहिले तर घातक, कारण त्याने पुढची चेतापेशी इतकी उद्दीपित होते की शेवटी मरते. ते क्षणात उचलून आत घेण्याचे, ग्लुटामिन सिंथेटेज या विकराच्या साहाय्याने त्याचे निरुपद्रवी ग्लुटामिन करण्याचे आणि ते चेतापेशीला पुन्हा वापरण्यासाठी परत करण्याचे काम तारापेशीचे. ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणाऱ्या ग्लुटाथायोनचा कच्चा माल चेतापेशीला पुरवायचे काम तिचेच. केशवाहिनीवर टेकवलेल्या पंजातून पाण्याची ये-जा राखायची, रक्त आणि मेंदू यांच्यामधला बांध घट्ट राहील असे इशारे त्या वाहिनीच्या भिंतीला देत राहायचे, हेही तिचेच. माणसातली एकेक तारापेशी लाखो चेतासंधींच्या, म्हणजे निरोप देण्याघेण्याच्या अशा जागांच्या, संपर्कात असते. आणि रक्तातून बांध ओलांडून जे काही आत येते, त्याला सर्वांत आधी जी पेशी भेटते ती उंबऱ्यावरच पंजा टेकवून बसलेली ही असते. यातच पुढचे सगळे आले.

आता मामांविषयी लिहिते. माझे धाकटे मामा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मोटारींच्या बॅटऱ्या दुरुस्त करत. पुढे दुकान, मागे अंगण, अंगणात पत्र्याची शेड आणि शेडमध्ये भट्टी. जुन्या बॅटऱ्या फोडून आतल्या शिशाच्या प्लेटा काढायच्या, वितळवायच्या आणि त्यांतून टर्मिनल, जोडपट्ट्या वगैरे ओतायच्या, असा तो धंदा होता. सुटीत आम्ही भाचरे तिथे जात असू. लोखंडी कढईत शिसे वितळले की वर राखाडी मळी धरते. मामा ती झाऱ्याने बाजूला सारत आणि खाली जो रस दिसे तो चांदीच्या आरशासारखा असे, इतका सुंदर की मी तासन्‌तास बघत राही. थंड झालेली मळी भुकटी होऊन जमिनीवर पडे आणि वाऱ्याने अंगणभर पसरे. त्या अंगणात मामी गहू वाळत घालत, आणि १९८६ मध्ये जन्मलेला माझा मामेभाऊ त्याच अंगणात रांगायला शिकला. ही माणसे निष्काळजी होती असे कोणी म्हणू नये. शिसे ‘उष्ण’ असते, अंगात जाते, हे मामांना ठाऊक होते, आणि त्यावरचा उपायही त्यांच्या घरात ठरलेला होता: रोज संध्याकाळी भट्टी विझली की गुळाचा मोठा खडा. छापखान्यांत शिशाचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनाही पूर्वी गूळ, केळी, दूध देत असत. अवघी मराठी पुस्तके कित्येक दशके त्या शिशाच्या खिळ्यांनी छापली गेली आणि खिळे हाताळणारे हात गुळावर विसंबून राहिले. (शिसपेन्सिलीत मात्र शिसे नसते, ग्रॅफाइट असते, ज्या वस्तूला आपण शिशाचे नाव दिले तेवढी निर्दोष आणि ज्यांना दिले नाही त्यांत ते भरलेले.) दुधातल्या कॅल्शियममुळे आणि आहारातल्या लोहामुळे शिसे कमी शोषले जाते हे खरे आहे. गुळाच्या खड्यात एवढी ताकद नाही.

१९९४ मध्ये मामांच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या, चेहरा पांढरा पडला आणि उजवा हात मनगटातून लुळा वाटू लागला. गावच्या डॉक्टरांनी अपेंडिक्स म्हणून शस्त्रक्रियेचे ठरवले होते. त्याआधी मामी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या आणि मी त्यांचे रक्त काढून लेशमन रंगाने पट्टी रंगवली. लाल पेशींमध्ये कोणी निळ्या शाईचे बारीक थेंब शिंपडावेत तसे ठिपके दिसत होते. शिसे एका विकराला निकामी करते, त्यामुळे कोवळ्या लाल पेशीतले आरएनएचे अवशेष मोडले जात नाहीत आणि ठिपक्यांच्या रूपाने शिल्लक राहतात; पुस्तकात मी हे वाचले होते, पण पट्टीवर माझ्या मामांचे रक्त होते. सरांनी मामांना तोंड उघडायला सांगितले. खालच्या हिरडीच्या कडेने निळसर काळी रेघ होती. मुंबईला पाठवलेल्या नमुन्याचा अहवाल आला तेव्हा त्यात रक्तातले शिसे डेसिलिटरमागे ६८ मायक्रोग्रॅम होते. शस्त्रक्रिया टळली, गोळ्या सुरू झाल्या, भट्टी थांबली. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, दुकानही विकले.

मनगटाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण आधारपेशींची कथा विज्ञानात खऱ्या अर्थाने तिथून सुरू होते. हातापायांच्या मज्जातंतूंना मेंदूतल्यासारख्या ऑलिगोडेंड्रोसाइट नसतात. तिथे मायलिन गुंडाळायचे काम श्वान या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेशी करतात. पॅरिसमध्ये आल्बेर गोंबो यांनी १८८० च्या सुमारास गिनीपिगना शिशाचा क्षार देऊन त्यांचे मज्जातंतू तपासले, तेव्हा त्यांना विचित्र दृश्य दिसले. आतला तंतू अखंड होता, पण त्यावरचे वेष्टण मध्येमध्ये, टप्प्याटप्प्याने, गळून गेलेले होते. तारेवरचे रबर जागोजागी सोललेले आणि तार मात्र शाबूत, असे काहीसे. मज्जातंतूचा आजार म्हणजे तंतूचाच आजार असणार, असे मानणाऱ्या काळात विष तंतूला सोडून त्याच्या सेवेकऱ्यावर जाते हे त्यांनी दाखवले. माणसाच्या बाबतीत चित्र इतके स्वच्छ नसते. शिशाने लुळ्या झालेल्या मनगटात बहुधा तंतूच आतून झिजलेला सापडतो. पण प्रश्न तिथे विचारला गेला. आपल्याकडे गाण्याच्या आणि नाटकाच्या जगात एक जुनी समजूत आहे की अमक्याचा आवाज गेला तो कोणी दुष्टाव्याने विड्यातून शेंदूर खायला घातला म्हणून. शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड. अशा प्रत्येक गोष्टीत तथ्य असेल असे मी मानत नाही, त्यांतल्या पुष्कळ मत्सराच्याच असाव्यात. पण स्वरयंत्राच्या स्नायूंना चालवणारा मज्जातंतू हा शरीरातल्या लांब मज्जातंतूंपैकी आहे आणि शिशाने तो लुळा पडल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. ज्या कोणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली त्याने काहीतरी पाहिले असावे, एवढे म्हणायला जागा आहे.

मेंदूत शिसे शिरते ते वेषांतर करून. त्याचा आयन कॅल्शियमच्या आयनासारखा वागतो, म्हणून कॅल्शियमसाठी उघडणारी दारे त्याला उघडतात. लहान मुलांच्या आतड्यातून ते मोठ्यांच्या चार ते पाचपट शोषले जाते, आणि तान्ह्या वयात रक्त आणि मेंदू यांच्यातला बांध अजून पुरता बांधून झालेला नसतो. आत आलेले शिसे वाटेतच उचलून घेते ती तारापेशी. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर १९८० च्या दशकापासून जे काम झाले त्यात पुन्हा पुन्हा दिसले की शेजारी चेतापेशी आणि तारापेशी असल्या तर तारापेशीत शिसे कितीतरी अधिक साठते. पेशीत नव्याने तयार होणाऱ्या प्रथिनांच्या घड्या नीट घालून देणारे जीआरपी-७८ नावाचे एक प्रथिन असते. शिसे त्याला घट्ट चिकटते, आणि शिसे आले की तारापेशी हे प्रथिन अधिक बनवते. संशोधकांनी या साठवणुकीला मोरीच्या कुंडीची उपमा दिली: घरातले सगळे सांडपाणी जिथे जाऊन थांबते ती जागा. सुरुवातीला ही गोष्ट दिलासा देणारी वाटली असणार, कारण जे शिसे तारापेशीने धरून ठेवले ते चेतापेशीला लागले नाही.

पण धरून ठेवणारीला काही होत नाही, असे थोडेच आहे? शिसे असलेल्या तारापेशीत ग्लुटामिन सिंथेटेजचे काम मंदावते, म्हणजे फटीतले ग्लुटामेट आत घेतल्यावर त्याची वासलात लावण्याची तिची क्षमता घटते. ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांवर ताण येतो, ग्लुटाथायोनचा साठा खर्च होतो. ती मरत नाही, आणि खरी अडचण हीच आहे. मेलेली चेतापेशी मी छेदात दाखवू शकते. तिची जागा रिकामी दिसते, भोवती गिळणाऱ्या पेशी जमा झालेल्या दिसतात. जिवंत असलेली, जागेवर असलेली, सर्व हात पसरून बसलेली, पण आपले काम थोडे कमी करणारी तारापेशी कुठल्याही रंगाने वेगळी ओळखू येत नाही. आणि जर हे ज्या वयात घडते ते वय दोन वर्षांचे असेल, ज्या वयात चेतासंधी प्रचंड वेगाने जुळत असतात, मायक्रोग्लिया त्यांतल्या नको त्या छाटत असतात आणि मायलिन गुंडाळण्याचे काम ऐन जोरात असते, तर थोडे कमी म्हणजे किती कमी? ऑलिगोडेंड्रोसाइट ज्या मूळ पेशींपासून घडतात त्यांची परिपक्वता शिशाच्या अगदी थोड्या मात्रेने लांबते, हेही बशीतल्या प्रयोगांत दिसले आहे. शिशाने उद्दीपित झालेली मायक्रोग्लिया दाह वाढवणारी रसायने सोडते. तीनही जातींचे नुकसान एकत्र येऊन जे बनते त्याला रोगाचे नाव देता येत नाही. शाळेत लक्ष न लागणे, चटकन चिडणे, एक पायरी खाली राहणे, असे काहीसे त्याचे रूप असते.

अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी हे रूप मोजण्यासाठी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. दात शिसे धरून ठेवतात, रक्तासारखे विसरून जात नाहीत. १९७९ मध्ये त्यांनी दाखवले की ज्यांच्या दातांत शिसे अधिक होते त्या मुलांचे बुद्ध्यंक आणि वर्गातले लक्ष कमी होते, आणि यांतल्या कुणालाही कधी शिशाची विषबाधा झाल्याचे निदान झालेले नव्हते. त्यानंतर ‘चालेल’ म्हणून जो आकडा मानला जाई तो घसरतच गेला: अमेरिकेत मुलांसाठी १९८५ मध्ये २५ मायक्रोग्रॅम, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५, २०२१ मध्ये साडेतीन. आपल्याकडे पेट्रोलमधले शिसे २००० सालापर्यंत होते. ते गेले त्याचा मला फार आनंद झाला होता, पण २०२० मध्ये युनिसेफने दिलेला अंदाज असा की भारतात सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ किंवा त्याहून अधिक शिसे आहे. त्याच्या वाटा म्हणजे अंगणातल्या भट्ट्या, रंग, भेसळ. बांगलादेशात हळद चकचकीत पिवळी दिसावी म्हणून हळकुंडांना लेड क्रोमेट चोळत असत. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले, सरकारने छापे घातले, दंड केले, जाहिराती केल्या, आणि २०२१ मध्ये ते प्रमाण शून्यावर आले. हे वाचल्यावर मी माझ्या स्वयंपाकघरातला हळदीचा डबा उजेडात धरून बघितला होता. डोळ्यांनी त्यात काही कळत नाही हे मला, आयुष्यभर सूक्ष्मदर्शक वापरलेल्या बाईला, कळायला हवे होते.

इतर धातूंची गत निराळी आहे आणि त्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. माझ्या कपाटातल्या बाटलीतला पाऱ्याचा क्षार मूत्रपिंडाचा घात करतो, पण मेंदूत सहजासहजी शिरत नाही. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ साली जो आजार अधिकृतपणे नोंदला गेला त्यामागे मिथाइल पारा होता, कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात आणि माशांतून माणसांत गेलेला. तो सिस्टीनला चिकटून मेथिओनीन या अमिनो आम्लाची हुबेहूब नक्कल करतो आणि बांधावरचे वाहक त्याला आपला समजून आत सोडतात. आत तो तारापेशीची ग्लुटामेट उचलण्याची यंत्रणाच बंद पाडतो. मँगनीजचे प्रकरण याहून विचित्र. ग्लुटामिन सिंथेटेज या विकराला कामासाठी मँगनीज लागतेच, म्हणून तारापेशी ते मुद्दाम जवळ बाळगते. मेंदूतल्या मँगनीजचा मोठा वाटा तिच्याकडेच असतो. जी वस्तू रोजच्या वापरात आहे ती जास्त आली तर दार कसे लावायचे? १८३७ मध्ये ग्लासगोच्या जॉन कूपर यांनी मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांचे पाय लुळे पडल्याचे, आवाज क्षीण झाल्याचे लिहून ठेवले आहे. आपल्या भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत आणि पलीकडे बालाघाटात मँगनीजच्या खाणी शतकाहून अधिक काळ चालू आहेत, आणि वेल्डिंगच्या धुरात तर ते गल्लीगल्लीत आहे. यकृत निकामी झालेल्या माणसालाही हाच धोका असतो, कारण मँगनीज पित्तावाटे बाहेर जाते आणि ती वाट बंद झाली की ते मेंदूच्या तळच्या गाठींत साचते. एमआरआयमध्ये त्या गाठी पांढऱ्या चमकतात.

यकृताच्या रुग्णांच्या मेंदूचे छेद मी पुष्कळ रंगवले. त्यांतल्या तारापेशींची केंद्रके फुगलेली, फिकट, आतून रिकामी वाटणारी असतात, फुंकर घातली तर उडतील अशी. रक्तात वाढलेला अमोनिया पचवता पचवता ती पेशी ग्लुटामिनने भरून जाते आणि पाणी ओढून घेते. या पेशींना आलॉइस अल्झायमर यांचे नाव आहे, पण त्यांच्या नावाच्या स्मृतिभ्रंशाशी त्यांचा संबंध नाही. १९१२ मध्ये ज्या आजारात त्यांचे वर्णन झाले तो शरीरात तांबे साठत जाण्याचा आजार होता. माझ्या नोकरीत आधारपेशीचे दुखणे मला डोळ्यांनी दिसले ते एवढ्या एका ठिकाणी. म्हणून मला त्या फिकट केंद्रकांविषयी, सांगायला विचित्र वाटते, कृतज्ञता आहे.

मामेभावाविषयी इथे लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. १९९४ मध्ये त्याचे रक्त तपासले नव्हते; मोठा माणूस अंथरुणाला खिळला होता आणि आठ वर्षांचा पोर हुंदडत होता, तेव्हा तपासणीचे कुणाच्या डोक्यात आले नाही, माझ्याही आले नाही, आणि माझ्या तरी यायला हवे होते. तो शाळेत टिकला नाही. आठवीत दोनदा नापास झाला, बाकावर बसवत नसे, अक्षर मोत्यासारखे पण उतारा कधी पुरा केला नाही. मामा त्याला ‘वांड’ म्हणत. आज तो दुधाचा टँकर चालवतो, त्याची दोन मुले हुशार आहेत, आणि घरातल्या कोणाच्याही लग्नाला जेवणाची पंगत तोच उठवतो. त्याच्या आठवीचा आणि अंगणातल्या मळीचा संबंध होता, असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. नव्हता, असे म्हणायलाही नाही. हजार मुलांच्या सरासरीत जो फरक स्वच्छ दिसतो तो एका मुलात कधीच दाखवता येत नाही. वेळेवर तपासले असते तर औषधाने काही झाले असते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र आहे, आणि ते मला २००१ मध्ये मिळाले. अमेरिकेत ७८० मुलांवर झालेल्या चाचणीत रक्तातले शिसे ओढून काढणारे औषध दिले गेले. रक्तातला आकडा उतरला. बुद्ध्यंकात आणि वागण्यात काही फरक पडला नाही. तो अहवाल वाचून मला थोडे हलके वाटले आणि हलके वाटल्याची लाजही वाटली.

रक्ताचा आकडा हा फार तर महिन्या-दीड महिन्याचा हिशेब असतो. मोठ्या माणसाच्या शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांत असते आणि तिथे ते दशके राहते. गर्भारपणात, म्हातारपणात, हाड झिजू लागले की ते पुन्हा रक्तात उतरते. तारापेशीजवळ किती आहे हे जिवंत माणसात मोजण्याची सोय नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात मामा न्हाणीघरात घसरले आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि सहा आठवडे ते पडून होते. त्या काळात ते विसरभोळे झाले, रात्री उठून भट्टी पेटवायची म्हणून काडेपेटी मागू लागले. वयच अठ्ठ्याहत्तर होते, तेव्हा कारणे हवी तेवढी सांगता आली असती. पण मी हट्टाने शिशाची तपासणी करायला लावली. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या शेवटच्या तपासणीत आकडा १४ पर्यंत उतरला होता. आता तो २३ आला. तरुण डॉक्टर गोंधळले. त्यांनी घरात नवा रंग दिला आहे का, गावठी औषध चालू आहे का, पाण्याचे नळ कसले आहेत, सगळे विचारले.

“अहो, दुकान विकून तेवीस वर्षं झाली की,” मामा म्हणाले.

मी त्यांना हाडांचे सांगितले. पडून राहिले की हाड झिजते आणि त्यात सांभाळून ठेवलेले बाहेर येते, असे सोपे करून सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले. उजवे मनगट, जे आता बरे होते, त्यांनी सवयीने वरखाली करून पाहिले.

“आणि डोक्यातलं? ते कुठल्या तपासणीत दिसतं?”

“ते नाही दिसत, मामा.”

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मामींना हाक मारली आणि गुळाचा खडा मागितला. मामींनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, आणि त्यांनी डबा उघडला.